जालना जिल्ह्यातील वाचनसंस्कृती

'''जालना जिल्ह्यातील वाचनसंस्कृती''' या संज्ञेत महाराष्ट्रातील जालना जिल्ह्यात रूढ असलेले पोथीवाचन व पारायण, सार्वजनिक वाचनालयांतील देवघेव, साहित्य संमेलने व वाचक मेळावे, नियतकालिकांतून मिळणारी पुस्तकांची ओळख आणि शाळा-महाविद्यालयांतील वाचन उपक्रम यांचा समावेश होतो. जिल्हा मराठवाड्यात मोडतो. मराठी पुस्तकांच्या प्रकाशनाची मुख्य केंद्रे असलेली मुंबई व पुणे ही शहरे येथून दूर आहेत. त्यामुळे एखाद्या पुस्तकाची माहिती वाचकापर्यंत पोहोचण्यात ते आधी वाचलेल्या व्यक्तीची शिफारस महत्त्वाची ठरत आली आहे. ही शिफारस कधी व्यासपीठावरून पोथी सांगणाऱ्याने केली, कधी ग्रंथपालाने, कधी शिक्षकाने, तर कधी एखाद्या मासिकाने.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब (जांब समर्थ) हे याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. कोणता ग्रंथ वाचावा, तो कसा लिहावा आणि कसा ऐकावा यांविषयीचे सविस्तर विवेचन ''दासबोधा''त आढळते.

## पार्श्वभूमी

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. त्यापूर्वी त्याचा बहुतांश भाग औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात, तर परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता. जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी, परतूर, मंठा आणि जाफ्राबाद असे आठ तालुके जिल्ह्यात आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९.६ लाख होती. त्याच जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७१ टक्के नोंदले गेले. पुरुषांमध्ये ते सुमारे ८१ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ६१ टक्के होते.

साक्षरतेतील ही तफावत वाचनाच्या स्वरूपाशी निगडित आहे. ज्या घरात एकालाच वाचता येते, तेथे वाचन मोठ्याने होते आणि इतर जण ऐकतात. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात ‘वाचक’ आणि ‘श्रोता’ हे शब्द दीर्घकाळ जोडीने वापरले गेले. ग्रंथाशी परिचय असणे आणि अक्षरओळख असणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात.

## श्रवण आणि सामूहिक वाचनाची परंपरा

### दासबोध

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. त्यांचा ''दासबोध'' हा ग्रंथ वीस दशकांचा असून प्रत्येक दशकात दहा समास आहेत. एकूण समास दोनशे होतात. ग्रंथाची रचना जालना परिसरात झालेली नाही. शिवथरघळ हे त्याच्या लेखनाचे स्थान मानले जाते. तरीही समर्थांचे जन्मस्थान म्हणून जांब येथे, तसेच रामदासी परंपरेशी नाते सांगणाऱ्या इतर ठिकाणी त्याचे वाचन श्रद्धेने केले जाते. रामनवमी आणि माघ वद्य नवमी म्हणजे दासनवमी हे या परंपरेतील प्रमुख उत्सव आहेत.

वाचनव्यवहाराच्या दृष्टीने ''दासबोधा''तील तीन स्थळे उल्लेखनीय आहेत.

* '''ग्रंथारंभ (दशक १, समास १):''' हा ग्रंथ कोणता, त्यात काय सांगितले आहे आणि तो ऐकल्याने काय साध्य होते, या श्रोत्यांच्या प्रश्नांना येथे उत्तर दिले आहे. रचनेला कोणत्या ग्रंथांची संमती आहे तेही सांगितले आहे. त्यात उपनिषदे, भागवत, भगवद्गीता यांबरोबर शिवगीता, रामगीता, गुरुगीता, अवधूतगीता अशा अनेक गीतांची नावे येतात. त्यामुळे हा समास म्हणजे सतराव्या शतकातील एका अभ्यासू वाचकाच्या ग्रंथपरिचयाची यादीही ठरतो.
* '''श्रवणनिरूपण (दशक ७, समास ८ व ९):''' कोणत्या रचनेला ग्रंथ म्हणावे याचा निकष येथे सांगितला आहे. ज्याच्या श्रवणाने परमार्थाची ओढ वाढते, पश्चात्ताप उपजतो आणि भक्ती आवडू लागते तोच ग्रंथ, असे त्याचे सार आहे. ग्रंथाची पारख त्याच्या पांडित्यावरून न करता ऐकणाऱ्यावर होणाऱ्या परिणामावरून करावी, असा हा विचार आहे.
* '''लेखनक्रियानिरूपण (दशक १९, समास १):''' हस्तलिखिताची नक्कल कशी करावी याच्या व्यवहारी सूचना येथे मिळतात. ओळी एकमेकींना लागू नयेत, पहिल्या पानावरचे अक्षर शेवटच्या पानापर्यंत तसेच राहावे, आणि तरुणपणी हौसेने काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही म्हणून ते मध्यम ठेवावे, अशा या सूचना आहेत.

मुद्रणपूर्व काळात ग्रंथाची शिफारस करणे म्हणजे बहुधा त्याची नक्कल करून देणे असे. रामदासी मठांमध्ये अशा नकला मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या व जपल्या गेल्या. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ठिकठिकाणच्या मठांतून ही बाडे मिळवली. ती धुळे येथील समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

### पारायण व पोथीवाचन

वारकरी संप्रदायातील अखंड हरिनाम सप्ताह जिल्ह्यातील अनेक गावांत होतो. सप्ताहाच्या दिनक्रमात पहाटेचा काकडा, सकाळचे ''ज्ञानेश्वरी'' पारायण, सायंकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन यांचा समावेश असतो. पारायणाला बसलेले वाचक एकाच वेळी आपापल्या प्रतीतून वाचतात. वाचनाची गती आणि क्रम सांभाळणाऱ्या व्यक्तीस ‘व्यासपीठ चालक’ म्हणतात. ज्याला एकट्याने अठरा अध्याय पूर्ण करणे जमले नसते, तोही समूहाच्या लयीत सात दिवसांत ग्रंथ संपवतो.

चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, घरी किंवा मंदिरात ‘पोथी लावण्याची’ प्रथा आहे. श्रीधरस्वामींचे ''हरिविजय'', ''रामविजय'', ''पांडवप्रताप'' व ''शिवलीलामृत'' आणि मालुकवीचा ''नवनाथ भक्तिसार'' हे ग्रंथ त्यासाठी लोकप्रिय आहेत. एक जण ओवी वाचतो आणि तोच किंवा दुसरा जाणकार तिचा अर्थ चालू बोलीत सांगतो. कथा दररोज थोडी पुढे सरकते. आदल्या दिवशी न आलेल्याला मधला भाग इतरांकडून ऐकून घ्यावा लागतो. त्यामुळे वाचलेल्या मजकुराची चर्चा पोथीच्या वेळेबाहेरही, शेतात आणि पाणवठ्यावर होत असे. पुढच्या वर्षी कोणती पोथी लावायची हे समाप्तीच्या सुमारास श्रोत्यांच्या मतानेच ठरते.

### महानुभाव परंपरा

भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव (जयदेववाडी) हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे तीर्थस्थान आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेले ''लीळाचरित्र'' हे या पंथाचे आणि मराठी गद्याचेही आद्य ग्रंथधन होय. चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून त्यांच्या आठवणी ऐकणे आणि त्या पडताळून लिहिणे, ही त्याच्या रचनेची पद्धत होती.

पंथाने पुढे आपले ग्रंथ ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले. त्यामुळे ते दीक्षित अनुयायांपुरते मर्यादित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांची उकल अभ्यासकांना झाली आणि हे वाङ्मय सर्वसामान्य वाचकांसाठी खुले होऊ लागले. एकाच जिल्ह्याशी संबंध असलेल्या या दोन परंपरांमध्ये ग्रंथप्रसाराच्या दोन टोकांच्या भूमिका दिसतात. रामदासी परंपरेने ग्रंथ नकलून सर्वत्र पोहोचवला, तर महानुभावांनी तो लिपीच्या कुलपात जपला.

### वर्षावासातील ग्रंथवाचन

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासाच्या काळात महाराष्ट्रातील बौद्ध विहारांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ''बुद्ध आणि त्यांचा धम्म'' या ग्रंथाचे क्रमशः वाचन केले जाते. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. मराठवाड्यातील वस्त्यांमध्ये ही प्रथा रुजली आहे. वाचनाची जबाबदारी अनेकदा शिकणाऱ्या मुला-मुलींकडे दिली जाते आणि वडीलधारी मंडळी ऐकतात. पोथीवाचनात ज्ञान बहुधा ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे जाते. येथे हा क्रम पुष्कळदा उलटा असतो.

## निजामकाळातील वाचन

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. शिकलेल्या मराठी भाषकांना यामुळे उर्दू वाचता येई, आणि त्या पिढीतील अनेकांचे वाचन द्वैभाषिक होते. मराठी ग्रंथ आणि वृत्तपत्रे मात्र संस्थानाबाहेरून मागवावी लागत.

‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानुसार सार्वजनिक सभांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक होती. अशा परिस्थितीत वाचनालये, गणेशोत्सव व व्यायामशाळा ही लोकांनी एकत्र येण्याची ठिकाणे बनली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ पासूनचे असून ते मराठवाड्यातील जुन्या वाचनालयांपैकी एक आहे. वाचनालयात एकाने मोठ्याने वृत्तपत्र वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, ही पद्धत त्या काळी सर्वत्र होती. आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले ''मराठवाडा'' हे पत्र संस्थानी निर्बंधांमुळे पुण्याहून निघत असे. असे पत्र गावात आले की त्याची एकच प्रत अनेक हातांतून फिरे.

हैदराबाद संस्थानातील मराठी भाषक लेखक-वाचकांची संघटना म्हणून १९४३ मध्ये मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली. ''प्रतिष्ठान'' हे तिचे नियतकालिक होय. जिल्ह्याच्या व तालुक्यांच्या ठिकाणी शाखा काढण्याच्या परिषदेच्या पद्धतीमुळे स्थानिक पातळीवर व्याख्याने आणि पुस्तकांवरील चर्चा यांना व्यासपीठ मिळाले.

## सार्वजनिक ग्रंथालये

### कायदेशीर चौकट

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सध्या जिल्ह्यातील ग्रंथालयांना महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ लागू आहे.

या अधिनियमानुसार शासन स्वतः गावोगावी ग्रंथालये चालवत नाही. स्थानिक नागरिकांनी स्थापन केलेल्या संस्थांना मान्यता व वार्षिक अनुदान दिले जाते. ग्रंथसंख्या, सभासद, जागा आणि सेवा यांच्या आधारे त्यांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ असे वर्ग ठरतात. गावपातळीवरील लहान वाचनालये प्रामुख्याने ‘ड’ वर्गात मोडतात. देखरेखीसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो. अधिनियमात ग्रंथालय कराची तरतूद नाही. त्यामुळे ही सर्व व्यवस्था शासकीय अनुदान, सभासद वर्गणी आणि देणग्या यांवर अवलंबून असते.

कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (स्थापना १९७२) राज्यांच्या सहभागाने ग्रंथालयांना पुस्तकांच्या रूपाने साहाय्य करते. अशा योजनांतून आलेली पुस्तके केंद्रीय पातळीवर निवडलेली असतात. स्थानिक वाचकांची मागणी नोंदवून त्यानुसार खरेदी करणे हे मात्र त्या त्या वाचनालयाच्या समितीवर आणि ग्रंथपालावर अवलंबून असते.

### ग्रंथपालाची भूमिका

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रे वाचक व पुस्तक यांच्या भेटीविषयी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे ती सांगतात. लहान वाचनालयात ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात. देवघेवीच्या टेबलाशी परत आलेले पुस्तक कसे वाटले हे विचारणे, ते कोणाला आवडेल हे ध्यानात ठेवणे आणि तो सभासद आल्यावर ते पुढे करणे, हे काम नियमावलीत लिहिलेले नसले तरी वाचनालयाचा वापर त्यावर ठरतो.

लोकप्रिय पुस्तकाची बहुधा एकच प्रत असते. म्हणून त्यासाठी सभासदांचे क्रमांक लागतात आणि एका वाचकाने ते वेळेत परत करणे हे पुढच्या वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. अशा पुस्तकाच्या देवघेव नोंदी पाहिल्यास त्याचा गावातील प्रवास स्पष्ट दिसतो. दिवाळी अंकांसाठी स्वतंत्र वर्गणी घेऊन ते फिरते ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक वाचनालयांत आहे. दिवाळी ते उन्हाळा या काळात एकेक अंक अनेक घरांतून फिरतो, आणि कोणत्या अंकातील कोणती कथा वाचावी याची चर्चा अंकाबरोबरच पुढे जाते.

## वाचकांमधील देवाणघेवाण

### नियतकालिके

पुस्तकाचे दुकान जवळ नसलेल्या वाचकाला नव्या पुस्तकांची माहिती देण्याचे काम नियतकालिकांनी केले. केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये सुरू केलेले ''ललित'' मासिक ग्रंथव्यवहारालाच वाहिलेले आहे. नवीन पुस्तकांच्या नोंदी, परीक्षणे, लेखकांच्या मुलाखती आणि जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने लिहिलेले मिस्कील सदर यांमुळे ते खेड्यांतील वाचनालयांपर्यंत पोहोचले. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या ''साधना'' साप्ताहिकानेही पुस्तक परिचयाला सातत्याने जागा दिली.

मराठवाड्यातून निघणाऱ्या नियतकालिकांत डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ''अस्मितादर्श''चे (१९६७) स्थान वेगळे आहे. दलित साहित्याच्या या नियतकालिकाने निरनिराळ्या ठिकाणी लेखक-वाचक मेळावे भरवले. वाचकाला लेखकासमोर बसून आपले मत मांडता यावे हा त्यांचा हेतू होता. पुष्कळ नवलेखक अशा मेळाव्यांना आधी वाचक म्हणून आले होते.

### वाचक चळवळ

१९७० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत दिनकर गांगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. सभासद वाचकांना पुस्तके सवलतीत देणे, ग्रंथयात्रा काढून ती गावोगावी नेणे आणि वाचकांशी थेट बोलणे ही तिची कार्यपद्धती होती. दया पवार यांचे ''बलुतं'' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ''उपरा'' (१९८०) ही ग्रंथालीची पुस्तके प्रामुख्याने वाचकांच्या परस्पर चर्चेतून राज्यभर पोहोचली.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केला. यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे दिली जाते. ठरावीक काळानंतर गट आपापसांत पेट्या बदलतात. पुस्तक निवडण्यासाठी वाचनालयात जाण्याची गरज त्यामुळे उरत नाही. महाराष्ट्रातील काही शहरांत भिशीच्या धर्तीवर ‘पुस्तक भिशी’ही चालवली जाते. दरमहा जमलेल्या रकमेतून एका सभासदाच्या पसंतीची पुस्तके घेतली जातात आणि ती सर्वांमध्ये फिरतात.

### संमेलने आणि ग्रंथोत्सव

मराठवाडा साहित्य परिषदेचे ४२ वे मराठवाडा साहित्य संमेलन डिसेंबर २०२२ मध्ये घनसावंगी येथे झाले. अध्यक्षस्थानी शेषराव मोहिते होते. ''असं जगणं तोलाचं'' आणि ''धूळपेरणी'' या त्यांच्या कादंबऱ्या कोरडवाहू शेतीच्या जीवनावर आहेत. समर्थांच्या जन्मगावाचा हा तालुका आहे.

राज्य शासनाच्या वतीने जिल्हा पातळीवर ग्रंथोत्सव भरवला जातो. ग्रंथदिंडी, पुस्तक प्रदर्शन व विक्री, परिसंवाद आणि कविसंमेलन असे त्याचे स्वरूप असते. अशा प्रदर्शनांत पुस्तक प्रत्यक्ष चाळून पाहता येते. ज्या तालुक्यात क्रमिक व स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपलीकडे फारसे काही विक्रीस नसते, तेथील वाचकाला ही संधी वर्षातून एखाद्या वेळीच मिळते.

जालना शहरात काव्यवाचनाची परंपरा आहे. ‘दुःखी’ या टोपणनावाने लिहिणारे येथील कवी राय हरिश्चंद्र साहनी यांच्या नावाने राज्य पातळीवरील काव्य पुरस्कार दिला जातो. कथा-कादंबरीकार रेखा बैजल यांचेही वास्तव्य जालन्यात आहे.

## शाळा व महाविद्यालये

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ पासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. या दिवशी शाळांमध्ये दप्तराऐवजी अवांतर पुस्तकाला महत्त्व दिले जाते. मुले आवडीचे पुस्तक वाचतात आणि त्याविषयी वर्गात बोलतात.

शालेय शिक्षण विभागाच्या ‘महावाचन उत्सव’ या उपक्रमात विद्यार्थ्यांनी वाचलेल्या पुस्तकावर स्वतःचे मत थोडक्यात लिहावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली. उच्च व तंत्रशिक्षण विभागाने १ ते १५ जानेवारी २०२५ या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम राबवला. त्यात सामूहिक वाचन, लेखकांशी वाचकांचा संवाद आणि पुस्तक परीक्षण यांचा समावेश होता.

या उपक्रमांत मत लिहिणे किंवा सांगणे हा वाचनाचाच भाग मानला आहे. ‘पुस्तक आवडले’ एवढे म्हणून न थांबता ते का आवडले आणि कोणी वाचावे हे सांगायचे असल्यास मजकूर पुन्हा चाळावा लागतो. शिक्षकाने केलेली शिफारस विद्यार्थी कर्तव्य म्हणून पाळतात. वर्गमित्राने केलेली शिफारस ते अधिक सहज स्वीकारतात, असा शाळांमधील सर्वसाधारण अनुभव आहे.

## शेतीविषयक वाचन

जिल्ह्यातील वाचनाचा एक भाग शेतीविषयक आहे. कृषी विभागाचे ''शेतकरी'' मासिक, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका आणि कृषी दैनिके यांचा त्यात समावेश होतो. जालन्याजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात कृषी विज्ञान मंडळाच्या मासिक चर्चासत्राची प्रथा अनेक वर्षांपासून आहे. शेतकरी व शास्त्रज्ञ त्या चर्चेत सहभागी होतात. वाचलेली माहिती स्वतःच्या शेतावर करून पाहणे आणि आलेला अनुभव इतरांना सांगणे, या मार्गाने छापील मजकुराची पारख होते.

## प्रादेशिक साहित्य आणि वाचक

आपल्या परिसराचे जीवन आणि बोली पुस्तकात आढळणे हे वाचन वाढण्याचे एक कारण मानले जाते. जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतील शेतीजीवनाशी जवळीक असलेल्या साहित्यकृतींत पुढील पुस्तकांचा उल्लेख करता येतो.

* ''रानातल्या कविता'' (१९६७) – ना. धों. महानोर. कवी अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडचे होते.
* ''पाचोळा'' (१९७१) – रा. रं. बोराडे. मराठवाडी बोलीतील कादंबरी.
* ''बारोमास'' – सदानंद देशमुख. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लेखक. कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार.
* ''आलोक'' – आसाराम लोमटे. परभणी जिल्ह्यातील लेखक. कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकात समाविष्ट होती. भाव कोसळल्याने बाजारात टोमॅटो तुडवणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा शेतकरी कुटुंबातील अनेक विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिली. पाठ्यपुस्तक ही अशा घरांत पोहोचणारी साहित्याची सर्वांत व्यापक शिफारस ठरते, कारण अनेक घरांत विकत घेतलेले दुसरे पुस्तक नसते.

## अडचणी

* '''मनुष्यबळ:''' ग्रामीण वाचनालयांतील कर्मचाऱ्यांचे मानधन तुटपुंज्या अनुदानातून भागवावे लागते. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींनुसार वेतनश्रेणी मिळावी ही राज्यातील ग्रंथालय कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. ग्रंथपाल सोडून गेला की सभासदांच्या आवडीनिवडींची त्याला असलेली माहितीही त्याच्याबरोबर जाते, आणि ती कोणत्याही दाखल-नोंदवहीत सापडत नाही.
* '''स्थलांतर:''' जिल्ह्याच्या काही तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे दिवाळीनंतर बाहेरगावी जातात. मुले बरोबर गेल्यास शाळा आणि शाळेतील पुस्तके दोन्हींशी त्यांचा संपर्क काही महिने तुटतो.
* '''अभ्यासिकेचे प्राबल्य:''' महाराष्ट्रातील बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत आता स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांची संख्या मोठी असते. त्यामुळे जागा भरलेली असली तरी कथा, कादंबरी, चरित्र यांची देवघेव त्या प्रमाणात वाढत नाही.
* '''स्त्री वाचक:''' वाचनालयाची वेळ आणि जागा स्त्रियांना सोयीची नसल्यास त्या घरातील पुरुष किंवा मुलांकरवी पुस्तक मागवतात. अशा वेळी निवड दुसऱ्याच्या हाती जाते. घरपोच फिरत्या पेट्यांसारखे उपक्रम या दृष्टीने उपयुक्त ठरतात.

## पुस्तकांचे गाव योजना

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ हा राज्य शासनाचा प्रकल्प सुरू झाला. गावातील घरे, लॉज, मंदिरे अशा जागांत विषयवार पुस्तके ठेवण्यात आली असून ती कोणालाही तेथे बसून वाचता येतात. योजनेच्या पुढील टप्प्यात निवडलेल्या गावांत मराठवाड्यातील वेरूळचा समावेश आहे. वेरूळ हे जालना जिल्ह्याला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. या प्रकल्पात वाचक पुस्तकांच्या गावाला भेट देतो. जालना जिल्ह्यातील सप्ताह, विहारातील वाचन आणि वाचनालयाची देवघेव यांत पुस्तक वाचकाच्या गावात राहते आणि तेथील माणसांच्या बोलण्यातून पुढे जाते.

## हे सुद्धा पहा

* जालना जिल्हा
* जांब समर्थ
* दासबोध
* मराठवाडा साहित्य परिषद
* महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७
* वाचन प्रेरणा दिन
* भिलार